मधोमध उभा न राहणारा माणूस

सकाळी कोर्टावर पाणी मारण्याआधी धुळाजी एक फेरी मारतात. हातात झाडू नसतो, गोणपाट नसतं, नुसते हात पाठीमागे बांधलेले. आदल्या संध्याकाळी माझी मुलगी प्रियदर्शनी त्या लाल मातीवर दीड-दोन तास खेळलेली असते आणि तिच्या बुटांचे ठसे सगळीकडे उमटलेले असतात. धुळाजी ते बघत चालतात. एखाद्या ठिकाणी थांबतात, वाकतात, पुन्हा पुढे जातात. फेरी पूर्ण झाली की गोणपाट ओढून सगळं पुसून टाकतात. मग पाणी, मग रूळ, मग फक्कीच्या पांढऱ्या रेषा.

हे मी वर्षभर बघत होते. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, कामाला लागण्याआधी अंग मोकळं करत असेल.

युसूफ वडगावच्या शिवारात, सोयाबीनच्या दोन तुकड्यांच्या मधे, टेनिसचं कोर्ट कसं आलं हे आधी सांगते. भगवानराव हे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, बदलीच्या गावी साहेब लोकांच्या क्लबात टेनिस शिकले. निवृत्तीनंतर गावी परत आले तेव्हा लोकांना वाटलं, बंगला बांधतील. त्यांनी मुरूम टाकून, विटांचा चुरा चाळून, चारी बाजूंनी जाळी ठोकून हे कोर्ट केलं. खेळायला जोडीदार मिळेना म्हणून माझ्या मुलीच्या हातात आठव्या वर्षी रॅकेट दिली. आता काकांचे दोन्ही गुडघे गेलेत. ते खुर्चीत बसून शिकवतात, फार तर मधल्या जाळीपाशी उभे राहून टोपलीतले चेंडू एकेक करून मारून देतात.

धुळाजी मूळचे नांदूरघाटाकडच्या एका वस्तीवरचे, मेंढपाळाच्या घरातले. ऐन उमेदीत त्यांच्याकडे दीडशे मेंढरं होती. दिवाळी झाली की गोदाकाठाकडे निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, असं चाळीस वर्षं चाललं. वाटेतले शेतकरी खतासाठी रात्री रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात ज्वारी देत. काकांच्या रानात दर वर्षी दोन रात्री त्यांचा मुक्काम असे, तीच त्यांची ओळख. पुढे गायरानं कमी होत गेली. धुळाजींचं कंबरेचं हाड दुखायला लागलं. मुलगा रामेश्वर चाकणला टेम्पो चालवतो, त्याला काठी नको होती. कळप गेला. अकरा मेंढ्या तेवढ्या राहिल्या, त्या रतनबाई, म्हणजे त्यांची बायको, बांधाबांधाने चारते. काकांनी धुळाजींना बोलावून घेतलं. म्हणाले, "मेंढरं राखलीस, आता माती राख."

धुळाजींनी कधी रॅकेट हातात धरली नव्हती. एकदा प्रियाने बळंच दिली तर तारांवर नख वाजवून विचारलं, "ह्या कशाच्या हायत?"

काका म्हणाले, "ह्या नायलॉनच्या. पूर्वी मेंढीच्या आतड्याच्या असायच्या."

"म्हंजे हितं बी मेंढरूच!" असं म्हणून धुळाजींनी रॅकेट परत केली आणि हात धोतराला पुसले.

तर अशा माणसाशी मी गेल्या पावसाळ्यात भांडले.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी शालेय स्पर्धेत प्रिया विभागाला गेली होती. जिल्ह्यात तिच्या वयोगटात खेळणाऱ्या दोनच मुली, त्यामुळे जिल्हा पार करणं अवघड नव्हतं. विभागात मात्र पहिल्या चारांत आलं तरच राज्य पातळीवर जाता येतं. सामने एकाच सेटचे असतात; ती दुसऱ्या सामन्यात दोन-सहा हरली. हरली ते हरली, शेवटच्या गेमला पाय मुरगळून पडली. मी जाळीच्या बाहेर होते. तिचा घोटा फुगताना मला बाहेरूनच दिसत होता आणि मला आत जाऊ देत नव्हते. तीन आठवडे तिला पाटावर पाय ठेवून जेवावं लागलं.

त्यानंतर प्रियाच्या पप्पांनी, अंगदरावांनी, एकदाच आणि स्पष्ट सांगितलं. "अजून एक वर्ष. औंदा चारांत आली तर खेळू दे. न्हाई आली तर जूनमध्ये लातूर. तिथं होस्टेलवाल्याशी बोलून ठेवलंय मी. अकरावी-बारावी नीटची तयारी, रॅकेट कपाटात."

"आणि आली तर?" प्रियाने विचारलं.

"आली तर लातूरवाल्याला मी स्वतः फोन करून जागा सोडतो. शब्द म्हणजे शब्द."

ते उगाच कडक नाहीत. पंचायत समितीत त्यांची ऊठबस असते, लोक त्यांच्याकडे मुलांच्या ॲडमिशनसाठी येतात, आणि चार टक्क्यांनी कुणाचं काय गेलं हे ते रोज ऐकतात. मलाही आतून त्यांचं पटत होतं. पण मुलगी संध्याकाळी कोर्टावरून परत येते तेव्हाचा तिचा चेहरा मी बघितलेला आहे, तो दुसऱ्या कशानेच तसा होत नाही.

म्हणून मी कंबर कसली. मी अंबाजोगाईला बी.एस्सी. केलंय, दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. मोबाईलवर टेनिस शिकवणारे व्हिडिओ बघितले. सगळ्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा: फटका मारून झाला की लगेच परत जागेवर या. मला वाटलं, सापडलं. आपली मुलगी फटका चांगला मारते आणि तिथंच बघत उभी राहते. ती हरली ती ह्यामुळे.

मी फक्की घेऊन मागच्या रेषेच्या मधोमध, पाऊलभर मागे, परातीएवढं गोल वर्तुळ काढलं. प्रियाला सांगितलं, प्रत्येक फटक्यानंतर ह्या वर्तुळात पाय लागला पाहिजे. एक वही केली. काका चेंडू द्यायचे, प्रिया मारायची आणि पळत वर्तुळात यायची. पाय लागला की मी बरोबरची खूण करायची, राहिला की फुली. पहिल्या दिवशी पन्नासात एकवीस. महिन्याभरात पन्नासात त्रेचाळीस. मी ती वही अंगदरावांनाही दाखवली.

"हे बरंय," ते म्हणाले, "आमच्या लोकांची हजेरी बी अशीच घ्यायला पायजे."

आणि एका सकाळी वर्तुळ नव्हतं.

बाकी सगळ्या रेषा नव्याने मारलेल्या, ठळक, सरळ. वर्तुळाची जागा कोरी. मी समजले, विसरले असतील. स्वतः काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. तिसऱ्या दिवशी मी सहालाच गेले तर धुळाजी त्यावरून रूळ फिरवत होते.

"धुळाजी, वर्तुळ का पुसता रोज?"

"रूळ फिरला की जातंय, बाईसाहेब."

"मग रेषा मारताना ते पण मारायचं ना. रेषा बऱ्या लक्षात राहतात."

ते रूळ ओढत राहिले. मला त्या गप्प राहण्याचा फार राग आला. पायाचं दुखणं, लातूर, वही, सगळं एकदम वर आलं आणि मी जे बोलू नये ते बोलले. म्हणाले, "हे खेळाचं आहे, धुळाजी. तुमचं काम मातीचं आहे. ज्याचं त्याने बघावं."

त्यांनी रूळ थांबवला. डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. मग शांतपणे म्हणाले, "मातीचंच बगतो मी. या हिकडं. अजून ती बाजू पुसली न्हाई."

मला जावं लागलं. काल संध्याकाळचे ठसे उजव्या बाजूला तसेच होते. धुळाजी उकिडवे बसले, आणि मीही साडी सावरून बसले.

"ही पोरगी हितून चेंडू मारती." त्यांनी उजव्या कोपऱ्यातला रुतलेला टाचेचा ठसा दाखवला. "मग पळत सुटती. ही बगा पावलं. लांब लांब. तुमच्या त्या परातीकडं. आणि आता हे बगा." वर्तुळाच्या अलीकडे, दीड-दोन हातांवर, माती लांबट खरडली होती. एक नाही, पाच-सहा ठिकाणी, एकमेकांना लागून. "हे काय हाय?"

"घसरली असेल."

"घसरली, पण कावून? पळत पळत परातीवर पोचली, तवर चेंडू पुन्ना तिच्या पाठीमागं, जिथनं आली तिथंच. मग गर्रकन वळती. सगळं अंग एका पायावर. ह्याच पायावर. रोज हितंच." ते उठले, डाव्या बाजूची जागा हाताने दाखवली. "तिकडं बी तसंच. महिना झाला मी बगतो. रोज पुसतो आन् रोज तेच उमटतंय."

उजवीकडे भार पडत होता तो घोटा डावा होता. मुरगळलेला.

मी म्हणाले, "पण मधे यायलाच पाहिजे ना? मधे उभं राहिलं तर दोन्हीकडचं सापडेल."

"मेंढरू मधनं फुटत न्हाई, बाईसाहेब," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी शक्य तेवढं त्यांच्याच शब्दांत लिहिते. कळप पडीक रानात चरतोय आणि अलीकडे कुणाची तरी उभी ज्वारी आहे. राखणदाराने कुठं उभं राहायचं? नवं माणूस ज्वारीच्या बांधाच्या बरोबर मधोमध उभं राहतं. त्याला वाटतं, डावीकडे तेवढंच, उजवीकडे तेवढंच. "पण मेंढरू कुटं हाय ते बगायचं आधी. ते जर त्या टोकाला आसंल, तर तिथून त्याला दोन वाटा. एक सरळ समोर, एक तिरकी, लांब. त्या दोन वाटांच्या मधी हुबं ऱ्हायचं. रानाच्या मधी न्हाई. मेंढरू हाललं की आपण हालायचं. रानाचं मधलं तितंच ऱ्हातंय, आपलं मधलं फिरतं आसतंय."

नववीच्या भूमितीत कोनाचा दुभाजक मी शेकडो वेळा काढला असेल. विद्यार्थ्यांकडून काढून घेतला असेल. समोरची मुलगी कोपऱ्यात असेल तर तिच्यापासून निघणारा कोन तिरका होतो आणि त्याचा मध्य आमच्या रेषेच्या मध्यावर येत नाही, हे माझ्या त्या वहीत कुठंच नव्हतं. प्रिया उजवीकडून तिरका फटका मारते तेव्हा तिने मधल्या खुणेच्या दोन पावलं अलीकडेच थांबायला हवं होतं. मी तिला ती दोन पावलं जास्त पळवत होते, आणि बरोबरची खूण करत होते.

"आणखी एक," धुळाजी म्हणाले. "मेंढरानं मान वर केली की आपण जिथं आसंल तिथं थांबायचं. पोचलो न पोचलो बगायचं न्हाई. पळत्या माणसाला वळता येत न्हाई. मी एकदा पळत होतो."

"कधी?"

"लई वर्सं झाली. परळीकडं गेलतो. हुरड्यावर आलेली ज्वारी. म्होरकी मेंढी एका टोकाला, मी लांब. मी मधी जायचं म्हून जीव खाऊन पळालो. तिनं मान वर केली, मी पळतोय ते बगितलं, आन् माझ्या पाठीमागनं आत. तिच्या मागं दीडशे." ते हसले. "मालकानं मला चावडीसमोर दिवसभर उनात बशिवलं. गावातली पोरं येऊन बगून जायची. संध्याकाळी त्याच्याच बायकोनं पाणी दिलं. म्हनली, मेंढरं पळती न्हवं, तुमी कावून पळालात?"

मी त्यांची माफी मागितली की नाही, आठवत नाही. बहुतेक नाही मागितली. दुसऱ्या दिवशी येताना थर्मासमधून चहा आणला, तो त्यांनी घेतला.

काकांना पटवणं मात्र सोपं नव्हतं. काका खुर्चीतून म्हणाले, "धुळ्या, मी तीस वर्षं टेनिस खेळलो बे."

"मग गुडगे कावून गेले, साहेब?"

काका इतके हसले की चष्मा पडला. मग प्रियाला म्हणाले, "दोरी आण गं. म्हाताऱ्याचं बघू काय ते."

धुळाजींनी मेंढरं कोंडायच्या जाळीची जुनी दोरी आणली. समोरच्या कोर्टात, जिथे चेंडू पडला असं धरायचं, तिथे एक खुंटी. खुंटीपासून दोन दोऱ्या: एक प्रियाच्या डाव्या कडेला, एक उजव्या कडेला, जिथवर समोरची मुलगी चेंडू मारू शकेल तिथवर. प्रियाने दोन्ही दोऱ्यांच्या मधे उभं राहायचं. मग खुंटी दुसऱ्या कोपऱ्यात. दोऱ्या फिरल्या, प्रियाची जागा फिरली. मग मागे, मग पुढे. पहिले आठ दिवस रॅकेटच नाही, नुसतं खुंटी हलवायची आणि तिने जाऊन उभं राहायचं.

प्रिया वैतागली. "मम्मी, माझ्या वयाच्या मुली रोज तीनशे सर्व्ह मारतात आणि मी दावणीला बांधल्यासारखी उभी आहे."

"बांधल्याली न्हाईस," धुळाजी म्हणाले. "समोरचीला तू बांधलंयस. आजून तुला कळंना गेलंय."

तिसऱ्या आठवड्यात दोऱ्या काढल्या. काका चेंडू द्यायला लागले. उजवीकडून तिरका मारला की थोडं परतायचं, सरळ मारला की मधलं ओलांडून पलीकडे जायचं. आणि काकांची रॅकेट चेंडूला लागायच्या क्षणी, जिथे असेल तिथे, दोन्ही पायांवर हलकं उडून थांबायचं. ह्या थांबण्याने तिचा जीव काढला. तिला सारखं वाटायचं, अजून पोचले नाही, अजून दोन पावलं. धुळाजी जाळीबाहेरून ओरडायचे, "मान वर केली!" आणि ती थांबायची. पुढे पुढे ती आपली आपण थांबायला लागली.

मी वहीत काय लिहावं हे मला कळेना. ठरलेली जागाच नव्हती, तर खूण कशाची करणार? मी धुळाजींना विचारलं तर म्हणाले, "सकाळी या की."

मग मी सकाळी त्यांच्याबरोबर फेरी मारायला लागले. ठसे बघायला शिकायला मला पंधरा दिवस लागले. पळताना पुढचा पंजा खोल जातो. नीट थांबलेली असेल तर दोन्ही ठसे शेजारी, सारख्या खोलीचे. ते जोडीचे ठसे वाढत गेले, खरडलेल्या जागा कमी होत गेल्या. दिवाळीच्या आधी एका सकाळी दोन्ही बाजूंना एकही खरड नव्हती. मी धुळाजींकडे बघितलं. ते म्हणाले, "काल खेळली का न्हाई पोरगी?" आणि गोणपाट घ्यायला गेले.

विभागीय स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटी छत्रपती संभाजीनगरला होती. प्रियाने हट्ट धरला, मामा पाहिजेत. ती धुळाजींना मामा म्हणते. अंगदराव म्हणाले, "गाडीत जागा हाय, येऊ दे की." रतनबाईने तीन दिवसांच्या भाकरी बांधून दिल्या, जणू आम्ही गोदाकाठाला निघालो होतो.

तिथलं कोर्ट सिमेंटचं, हिरवा-निळा रंग दिलेलं. धुळाजींनी कडेला जाऊन हात फिरवून बघितला. एक मुलगी सराव करून गेली होती. तिचा एकही ठसा नव्हता.

"हितं काय बगावं?" ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांना इथे आणल्याचं वाईट वाटलं.

पहिला सामना सोपा गेला. दुसऱ्यावर सगळं होतं. जिंकली तर पहिल्या चारांत, हरली तर लातूर. समोरची मुलगी शहरातली, उंच, तिचे वडील तिचं पाणी, टॉवेल, केळी सगळं ओळीने लावून बसलेले. तिचा फटका आमच्या मुलीपेक्षा जड होता, हे पहिल्या दोन गेममध्येच दिसलं. दोन्ही गेम तिने घेतले. माझ्या पर्समध्ये क्रेप बँडेज, दुखण्यावरच्या फवाऱ्याची बाटली, मीठ-साखरेचं पाणी होतं. मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते.

"चेन तुटंल," अंगदराव म्हणाले.

मी चेंडूकडे बघत होते, आणि प्रत्येक चेंडू आता जाणार असं वाटत होतं. तिसऱ्या गेमला धुळाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "चेंडूकडं नगा बगू. पायाकडं बगा."

मी पायांकडे बघायला लागले. ती समोरची मुलगी प्रत्येक फटक्यानंतर धावत बरोबर मधोमध येत होती. माझ्या वहीतली मुलगी. पन्नासात पन्नास. आणि आमची प्रिया कधी उजवीकडेच थांबत होती, कधी मधलं ओलांडून जात होती, आणि त्या मुलीची रॅकेट वर गेली की दोन्ही पाय शेजारी. चेंडू यायचा तेव्हा ती बहुतेक वेळा तिथेच किंवा एका पावलावर असायची. तिचे फटके काही खास नव्हते. ती नुसती परत करत होती. दोन-दोन झाले. तीन-तीन. पाच-पाच.

त्या मुलीचे वडील उठून उभे राहिले होते. "परत ये! मधे ये!" ते बाहेरून ओरडले, आणि पंचाने त्यांना ताकीद दिली.

पाच-पाचनंतरच्या गेमला प्रियाने एकच चेंडू तिरका, पुन्हा त्याच कोपऱ्यात मारला, जिथून ती मुलगी नुकतीच निघाली होती. ती वळायला गेली आणि तिचा बूट करकरला. मी डोळे मिटले. मला वाटलं ती पडली. पडली नव्हती, पण पाय धरून उभी होती, आणि मला त्या वेळी ती कुणाची मुलगी आहे हे आठवलं नाही. मी पर्समधून फवाऱ्याची बाटली काढून तिच्या वडिलांना नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, माझ्याकडे बघितलंही नाही.

ती मुलगी खेळली पुढे. प्रिया सात-पाच जिंकली. शेवटचा चेंडू त्या मुलीने मधल्या जाळीत मारला. आमच्या मुलीने काहीच केलं नाही, ती आपल्या जागेवर उभी होती.

बाहेर आल्यावर अंगदरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चमकून विचारलं, "दमली न्हाईस तू?"

"फार नाही पळाले, पप्पा."

अंगदरावांनी त्या दुसऱ्या मुलीकडे बघितलं. ती जमिनीवर बसून धापा टाकत होती.

दुपारी उपांत्य सामना झाला. तो ती एक-सहा हरली, बघता बघता. पण पहिल्या चारांत आली होती.

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. प्रिया गाडीतच झोपली होती. बाजेवर बसल्यावर धुळाजी स्वतःहून बोलले.

"सकाळची पोरगी पळत होती. दुपारची न्हाई. दुपारचीनं आपल्या पोरीला हाकलं. थोडी हिकडं, थोडी तिकडं, मग एकदम पुढं. आपली पोरगी मेंढरू झालती." आणि थोडं थांबून, "लई भारी राखणदार हाय ती."

मला हसू आलं आणि लगेच काळजी वाटली. राज्याची स्पर्धा दीड महिन्यावर आणि दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर. मी मनात विषय मोजायला लागले. गणित झालंय, विज्ञान दोन अर्धवट आहे, इतिहासाला हातच लागलेला नाही.

अंगदराव उठले. "लातूरवाल्याला फोन करून येतो," म्हणाले आणि ट्रकच्या आवाजापासून लांब, रस्त्याच्या कडेला गेले. मला ऐकू येत नव्हतं. फोनवर ते नेहमी मोठ्याने, हातवारे करत बोलतात. ह्या वेळी एक हात खिशात होता. मधे एकदा त्यांनी मान हलवली, पुन्हा हलवली, समोरचा आग्रह करत असावा. मग फोन खिशात टाकून आले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हनला, पस्तावाल." त्यांनी भज्यांची प्लेट धुळाजींपुढे सरकवली आणि माझ्या शेजारी न बसता त्यांच्या समोर जाऊन बसले. "मामा, ती दुपारची पोरगी हाकीत होती म्हंजे कशी, ते मला नीट सांगा."

"सांगतो की," धुळाजी म्हणाले. "आधी चहा येऊ द्या."